ओटीचं वजन
कापूसवेचणीवरच्या समूहनृत्याला पुष्पलतानं तीन महिने दिले, पण शेवट काही जमेना. प्रयोग परवावर आला होता. देऊळगावच्या सभागृहात बारा मुली कमरेला वेचणीच्या रिकाम्या ओट्या, कापूस टाकायच्या झोळ्या, बांधून शेवटासाठी पुन्हा वाकल्या, पुन्हा पाखरांसारख्या अलगद उठल्या. पुष्पलता थकून भिंतीशी बसली. "शेवटच काढून टाकू आता," ती पुटपुटली. डबा घेऊन आलेली तिची माय कोपऱ्यात बसल्या बसल्या हसली. "अवं, भरल्या ओटीनं कोनी असं उठते काय? तुह्या पोरी कापूस नाई, मोगरा वेचून राह्यल्या." "मग कसं उठतात, दाखव ना." "मले नाच कुठं येते? यष्टी चुकन माही." म्हातारी जायला म्हणून भुईवर हात टेकून, कंबर मागं ताणत, पोटाशी नसलेलं ओझं सावरत उठली. तिची वेचणी सुटून पाच वर्षं झाली होती. पुष्पलता मुलींकडे वळली. "ओट्या सोडा. माय उठली तशा उठा."