मागे इंजिन आहे

"याचं बेअरिंग गेलंय," शामकांतने निदान केलं.

तन्वीने गिटारच्या तारांवर हात ठेवला. बुकित बातोकच्या औद्योगिक इमारतीतलं ते दुकान एकदम शांत झालं. काउंटरमागचे चिनी अंकल शामकांतकडे बघत राहिले. पेडल कोरं करकरीत होतं आणि त्यात बेअरिंग नव्हतंच.

पेडल म्हणजे जेमतेम तळहाताएवढी धातूची डबी. गिटारची वायर एका बाजूने आत जाते, दुसऱ्या बाजूने स्पीकरकडे निघते आणि पायाने बटण दाबलं की सुराचं रूप पालटतं. कुणी त्याला गुरगुरायला लावतं, कुणी थरथरायला. शामकांतला ही माहिती आजच मिळाली होती आणि ती त्याला मुळीच पटलेली नव्हती. तो जहाजावर चीफ इंजिनियर. यंत्रातली खरखर शोधायची आणि बंद करायची, यातच त्याचा जन्म गेला. जहाजावरून घरी फोन केला तरी हा आधी माफी मागायचा, "मागे इंजिन आहे गं, तिकडे लक्ष देऊ नकोस." आणि आता पोटची पोर तीच खरखर हौसेने विकत घ्यायला निघाली होती.

पण बोलायची सोय नव्हती. उद्या सकाळी लाँचमध्ये बसून त्याला जहाज गाठायचं होतं. पुढच्या महिन्यात इथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात तन्वी पहिल्यांदा स्टेजवर वाजवणार होती. तिची आई विद्या गाणार, साथीला तन्वीची इलेक्ट्रिक गिटार. शामकांत अर्थातच नसणार. बालवाडीतल्या नाचापासून तिचा एकही कार्यक्रम त्याला खुर्चीत बसून बघायला मिळाला नव्हता. याचं त्याला फार वाईट वाटायचं. निदान आपण दिलेली एखादी वस्तू तरी तिच्याबरोबर स्टेजवर असावी, म्हणून त्याने विचारलं होतं, काय देऊ? तन्वी म्हणाली, पेडल. वर म्हणाली, "तू पण ये, बाबा. तुझा कान पाहिजे."

घरात त्याच्या कानाला एवढा मान कधी मिळाला नव्हता. तो इस्त्रीचा शर्ट घालून आला होता.

दुसऱ्या पेडलने सूर थरथरू लागला. "एक सिलेंडर फायर होत नाहीये," शामकांत म्हणाला. तिसऱ्याने सूर लांबून जवळ आला आणि परत लांब गेला. "टर्बो धापा टाकतोय." चौथं सुरू झालं तेव्हा तो दोन पावलं मागेच सरकला. "हे आधी बंद कर. कुठेतरी आग लागेल."

"सर, दॅट वन बेस्ट सेलर, लाह," अंकल वाक्याला इथलं नेहमीचं 'लाह'चं शेपूट जोडत म्हणाले.

"असेल. माझ्या इंजिनरूममध्ये नको."

तन्वीने याचं भाषांतर केलं नाही. पण नवल म्हणजे तिने वादही घातला नाही. एरवी बापाच्या प्रत्येक वाक्यावर डोळे फिरवणारी ही मुलगी आज नुसतं "ओके" म्हणत होती आणि डबी बाजूला सारत होती. शामकांतला मूठभर मांस चढलं. क्लेमेंटीच्या आपल्याच घरात साखरेचा डबा कुठे आहे हे विचारावं लागणारा माणूस तो. इथे त्याच्या शब्दावर माल नापास होत होता!

मग तन्वीने दोन डब्या एकमेकींना जोडल्या. सगळ्यात जाड तार छेडली. एका डबीने सूर पार खाली, पोटात उतरवला. दुसरीने तो तिथेच धरून ठेवला. तन्वीने हात काढून घेतला तरी तो थांबेना. फरशीतून तळपायांना लागत राहिला.

शामकांतचे खांदे सैल झाले. पाय आपोआप थोडे फाकले, डेकवर उभं राहताना फाकतात तसे.

"बाबा? याला काय झालंय?"

"याला?" तो म्हणाला. "याला काहीच झालेलं नाही. हे मस्त चाललंय. सगळं ठीकठाक असलं ना, की असंच वाजतं."

"शुअर?"

"अगं, झोपेतसुद्धा ओळखेन मी."

"अंकल, दीज टू," तन्वीने सांगून टाकलं.

अंकल खोकी शोधायला आत वळले. तेव्हा कुठे शामकांत भानावर आला. "ए, हे घेणार? वेडी आहेस का? आई गात असताना मागे सारखं इंजिन ऐकू येईल!"

"हो. येऊ दे," ती हसून म्हणाली.

"लोक काय म्हणतील?"

तन्वीने गिटारचा पट्टा खांद्यावरून उतरवला. आता ती हसत नव्हती.

"घरी मी इंजिनचा हा आवाज काढायला खूप ट्राय केलं, पण जमतच नव्हतं. करेक्ट आहे की नाही, हे फक्त तुलाच कळणार, म्हणून तुला आणलं," ती म्हणाली. "तू दर फोनला सांगतोस ना, मागे इंजिन आहे, तिकडे लक्ष देऊ नकोस? मी आधी तेच ऐकते, बाबा. ते नीट चालू असलं की मला कळतं, तू ओके आहेस. स्टेजवर पण ते मागे पाहिजे, नाहीतर माझे हात थरथरतात, लाह."