साठा

प्रयागबाईंच्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं होतं. राहून कसलं, महिपतरावांना धीरच झाला नव्हता. नवऱ्याच्या, म्हणजे महिपतरावांच्या मित्राच्या, माघारी प्रयागबाई शिवथरला एकट्या राहत. रस्त्यात गेलेल्या जमिनीची भरपाई हातात आली होती. मुंबईचा लेक दीपक म्हणत होता, सगळी एका सोन्याच्या खाणीच्या शेअरमध्ये घालू. प्रयागबाईंनी कंपनीचं मराठी माहितीपत्रक सोबत धाडून लिहिलं होतं, भावजी, तुम्ही सांगाल तसं करीन.

महाडच्या वाचनालयात जन्म घालवलेल्या महिपतरावांनी कंपनीचा इंग्रजी अहवालही मिळवून वाचला. खाण अजून सुरूच नव्हती. खर्च भागवायला कंपनी सारखे नवे शेअर विकत होती, म्हणजे जुन्यांचा वाटा पातळ. सोनं कितीही वधारलं, तरी त्या खडकातून ते काढणं परवडेल का, याचा हिशेब कुठेच नव्हता. सगळं कळलं होतं. पण आपण कोण सांगणारे? उद्या शेअर चढला तर? उत्तराचे मसुदे 'कदाचित'पाशी अडत आणि टेबलाखाली जात.

पुतणी अपेक्षा कारखान्यातून घरी आली ती हसतच. स्टँडवर शिमग्याला गावी आलेला दीपक भेटला होता.

"म्हणतो, काकांनी उत्तर दिलं नाय म्हंजे त्यांची ना नाय. शिमगा झाला की आईची सही घेणार आहे. झालात की तुम्ही शेअर बाजाराचे सल्लागार, तोंड न उघडता."

महिपतराव हसले नाहीत. त्यांनी प्रयागबाईंचं पत्र पुन्हा उघडलं. 'एवढा साठा हाय म्हणतात, मग भीती कसली?' या ओळीवरून ते दर वेळी पुढे गेले होते. आज थांबले. इंग्रजीत दोन वेगळे शब्द होते. एक खात्रीच्या सोन्याचा, दुसरा नुसत्या अंदाजाचा. कंपनीकडे होता तो अंदाज. माहितीपत्रकात दोन्हींना एकच शब्द होता, साठा. आणि प्रयागबाईंना साठा म्हणजे कणगीत ओतलेलं भात.

त्यांनी कोरा कागद घेतला.

"वहिनी, तुमचा साठा कणगीत असतो. यांचं शेतात पेरलंय की नाही, तेही कुणी पाहिलेलं नाही. सही करू नका."

खाली 'चूकभूल द्यावी घ्यावी' लिहायला पेन टेकलं. तिथे त्यांनी नुसतं नाव लिहिलं, चपला घातल्या, आणि पाकीट पोस्टाच्या पेटीत टाकून आले.