एका एकराचा भाव

"बाबा, हॉलंडमधल्या जमिनीच्या भावाला हात लावायची सोय नाही, मान्य. पण वेल्समधल्या एका एकराच्या पैशात रोमानियात आठ येतात! रोमानियाही आता युरोपियन युनियनमध्ये आलाय, भाव दुप्पट होतील." मी रीडिंग शहरातल्या माझ्या घरून देशवार तक्ताच करून आणला होता. बाबांसारख्या रिटायर झालेल्या डॉक्टरला वेल्समधलं, कार्डिफजवळचं ते ओलं, उताराचं शेत कशाला हवं होतं, देव जाणे.

बाबांनी तक्ता नीट वाचला. "छान केलायस. पण रोमानियातल्या शेतावर तुझी आई दुपारचा डबा घेऊन कशी जाणार?"

पुढच्या आठवड्यात सॉलिसिटरने त्या शेताचे कागद आईपुढे सरकवले. आई शेतकऱ्याची मुलगी. पण जमिनीच्या कागदावर तिने जन्मात एकदाच सही केली होती, लग्नानंतर, माहेरच्या शेतातला हक्क भावांना सोडून देताना. तिने चष्मासुद्धा न लावता पेन उचललं.

"अहो, कुठे करू सही? कोणाच्या नावे सोडायचंय?"

बाबांनी तिच्या हातातलं पेन हळूच काढून घेतलं आणि चष्मा पुढे केला.

"सोडायचं नाहीये गं, सुहास. आधी वाच. नाव तुझं एकटीचं आहे."