चाक फिरतं, सुई हलत नाही

“चाक फिरतंय, पण सुई जागची हलत नाय,” तनुजा म्हणाली.

बद्रीनाथनं हत्यारांची पिशवी खाली ठेवली. या जुन्या शिलाई मशीनसाठी तो गुलमंडीतल्या दुकानातून पुन्हा एकदा आला होता. तनुजाच्या सासूबाई, आशाबाई, दारातच खुर्ची टाकून बसल्या. तो आला की त्या तिथून उठत नसत. नजर सारखी त्याच्या हातांवर.

मशीन मूळचं आशाबाईंचं. त्यांचा मुलगा वैजनाथ वारल्यापासून तनुजा या मशीनवर ब्लाउज शिवून घर चालवत होती. आता लग्नसराई तोंडावर आली होती.

बद्रीनाथनं चाकाच्या मधला बारका स्क्रू काढला, नॉब फिरवून वेगळा केला, आतला वॉशर बोटावर घेतला आणि थबकला.

“उलटा कसा काय बसला? मागच्या खेपेला तर…” त्यानं तनुजाकडं पाहिलं. “जाऊ द्या. माझ्याच हातनं झालं असंल.”

“घरी कोण असतं तुमच्या?” आशाबाईंनी विचारलं.

“कुणी नाय, मावशी. एकटाच आहे.”

“मग कामात ध्यान का नसतं?”

तनुजा ओशाळली. शेजारच्या गीताबाईंनी परवाच टोकलं होतं, मशीनवाला लई येतो गं तुमच्याकडं.

“मलाच शिकवा,” ती म्हणाली. “सारखं बोलावणं बरं दिसत नाय.”

तो बाजूला सरकला. तनुजानं चाक ओढून काढलं. आतल्या दांड्यावर जुनं तेल चिकट होऊन बसलं होतं. रॉकेलच्या फडक्यानं पुसल्यावर खालचं पोलाद चमकलं. मग थेंबभर तेल, परत चाक.

“वॉशरचे हे कान बाहेरच्या अंगाला. उलटा बसला की चाक नुसतंच फिरतं. हां. आता तुम्ही नॉब आवळा.”

पहिल्या खेपेला तो तिला ताई म्हणाला होता. आता नुसतं ‘तुम्ही’ म्हणत होता.

सुई झरझर वरखाली झाली. तनुजा खळखळून हसली. तिचं असं हसणं या घरानं फार दिवसांत ऐकलं नव्हतं.

“झालं. आता माझी गरज नाय तुम्हाला,” बद्रीनाथ म्हणाला. पिशवी आवरायला त्याला जरा जास्तच वेळ लागला.

त्यानंतर मशीन सुरळीत चाललं. ब्लाउजांचा ढीग उतरत गेला. गीताबाईंनी पुन्हा काही विचारलं नाही. आशाबाई मात्र दारात खुर्ची टाकून रस्त्याकडं बघत बसायच्या. जेवणावरही वासना नव्हती.

एका सकाळी तनुजानं आतून हाक मारली. “आई, बद्रीनाथांना फोन लावता का? चाक नुसतंच फिरतंय.”

“अगं, तुला शिकवलंय ना त्यांनी? उघडून बघ की.”

“बघितलं. वॉशर उलटा झालाय. मला नाय जमत.” तनुजा मान खाली घालून कापडाची घडी सारखी करत राहिली.

आशाबाई लगबगीनं मशीनपाशी आल्या. चष्मा सावरून त्यांनी चाकाकडं निरखून पाहिलं.

“उलटा? असं कसं होईल?” त्या चक्रावून म्हणाल्या, “या खेपेला तर मी हातबी लावला नाय!”