जाहीर माफी

"ज्या ग्रुपवर दुकानाची अब्रू चव्हाट्यावर मांडलीस ना, तिथेच माफी माग. सगळ्यांना दिसली पाहिजे. नाहीतर उद्यापासून येऊ नकोस," कापडदुकानाचे मालक विक्रेतीवर गरजले.

तिने काउंटरपाशी उभ्याउभ्याच मोबाइल काढला आणि बायकांच्या त्या ग्रुपवर लिहिलं, "मालकांची जाहीर माफी मागते. आमची स्टुलं काढून घेतली, दिवसभर उभं राहून पाय सुजतात, हे मी इथे सांगायला नको होतं. चुकलं माझं."

मालकांनी तिच्या मोबाइलमध्ये डोकावून 'माफी' आणि 'चुकलं' एवढंच वाचलं आणि मिशीतल्या मिशीत हसत गल्ल्यावरच्या गुबगुबीत खुर्चीत जाऊन बसले.

त्यांचा चहा येईपर्यंत तिच्या मेसेजखाली माफ्यांची रांग लागली. ती एकेक मोठ्याने वाचू लागली.

"मीही माफी मागते. सातव्या महिन्यात मी जरा कापडाच्या गठ्ठ्यावर टेकले होते."

"माझंही चुकलं. मी ट्रायल रूमला आतून कडी लावून फरशीवर बसायचे."

"आमचं दुकान दुसरं, पण माफी मागायला काय जातं? स्टुलं आम्हालाही नाहीत."

मालक ताडकन उठले. "तुझी ती माफी आधी डिलीट कर!"

"आता कशी करू, साहेब? मालकीणबाईंनीही मागितलीय."

त्यांनी तिच्या हातातून मोबाइल हिसकावून घेतला. बायकोने लिहिलं होतं, "मी मात्र खरोखरची माफी मागते. ती स्टुलं आमच्या गच्चीवर आहेत, मी त्यांच्यावर कुंड्या मांडल्या होत्या. आत्ताच कुंड्या खाली उतरवल्या. स्टुलं घेऊन दुकानात येतेय."