बाळाचं माप

प्रसूतिगृहाचं दार अर्धंच उघडून नर्सने त्याला हाक मारली. "आत या. मुलगा झालाय. श्वास घेतोय अजून."

तो बाकावरून उठला, पण तिथेच उभा राहिला. दुकानातून होता तसाच धावत आला होता. मापाची टेप गळ्यातच लोंबत होती. मूल जगणार नाही, हे पाचव्या महिन्यातच कळलं होतं. मूत्रपिंडंच तयार झाली नाहीत, त्यामुळे फुप्फुसंही वाढणार नाहीत, जन्मलं तरी श्वास पुरणार नाही, आताच मोकळ्या व्हा, असं डॉक्टर म्हणाले होते. त्यालाही ते पटलं होतं. "मरायलाच यायचं तर येऊ कशाला द्यायचं?" असं त्याने बायकोला नको तेव्हा ऐकवलं होतं. ती एवढंच म्हणायची, "यायचा राहिलाय कुठे हो, आलाय तो. देवाने धाडलाय, आता देवच नेईल. मधे आपण कोण?" त्या वादानंतर त्याने चर्चची पायरी चढणं सोडलं. आणि अख्ख्या गल्लीच्या पोरांचे कपडे शिवणाऱ्या त्या शिंप्याने स्वतःच्या पोरासाठी सुईत दोरासुद्धा ओवला नाही.

"अहो, उभे काय राहिलात?" नर्स म्हणाली. "त्याच्यापाशी तेवढा वेळ नाही."

खाटेवर बायको डोळे मिटून पडली होती. तिच्या छातीवर दवाखान्याच्या टॉवेलात गुंडाळलेलं मूल होतं. बघवणार नाही असं काहीतरी पाहावं लागेल, म्हणून त्याने मन दगडासारखं करून ठेवलं होतं. पण ते चार मुलांसारखंच मूल होतं. कान तर थेट त्याचेच, जरा पुढे आलेले.

"फादरना निरोप गेलाय," नर्स म्हणाली. "पण ते पोचेपर्यंत काही सांगता येत नाही. अडल्या वेळी बाप्तिस्मा कुणीही देऊ शकतं. मी पाणी आणते."

"हे देतील," बायको डोळे न उघडता म्हणाली.

"मी? अगं, माझं नि देवाचं बोलणं बंद आहे."

"त्याच्याशी नका बोलू. याच्याशी बोला."

नर्सने स्टीलच्या पेल्यात पाणी आणून त्याच्यापुढे धरलं. बायकोने मुलाचं नाव केव्हाच ठरवलं होतं, पण ते त्याने घरात कधी उच्चारू दिलं नव्हतं. नाव ठेवलं की जीव अडकतो, म्हणायचा. आता ते त्याच्याच तोंडून निघालं. त्याने ओंजळीतून थोडं थोडं पाणी त्या इवल्याशा कपाळावर सोडलं. "पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने..." इथवर येऊन तो अडला.  मग त्याने राहिलेलं पुरं केलं, "मी तुझा बाप्तिस्मा करतो."

बाळाने तोंड वाकडं केलं.

"गार लागलं गं त्याला!" तो घाईघाईने म्हणाला आणि आपल्या सदऱ्याच्या बाहीने त्याचं कपाळ टिपू लागला.

बायकोने डोळे उघडले. त्याच्याकडे पाहून ती थोडी हसली. "टेप आहे ना गळ्यात? माप घ्या त्याचं. शिंप्याचं पोर दुसऱ्याच्या टॉवेलात जायला नको."

"आता?"

"मग कधी?"

त्याने टेप काढली. आधी खांदा घेतला, मग हात. बाळाच्या बोटांनी टेपचं टोक धरलं, ते त्याने सोडवलं नाही, दुसऱ्या टोकाने माप घेतलं. दिवसभर गिऱ्हाइकांची मापं तो खड्या आवाजात सांगायचा. इथे एकही आकडा तोंडातून फुटेना. मग त्याने टेप हळूच पाठीखालून घेऊन छातीवर आणली. छातीचं माप भरल्या श्वासावर घ्यायचं असतं, म्हणून तो थांबला. छाती वर आली. त्याने बोट टेकून माप धरलं. खात्री वाटेना, तेव्हा पुन्हा एकदा घ्यावं म्हणून तो थांबला.

तो थांबूनच राहिला. टेप सैल पडली.

बऱ्याच वेळाने नर्सने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.  बायकोने मुलाला आणखी जवळ घेतलं.

दुपारी तो दुकानात आला. वडिलांनी मांडलेलं ते दुकान, ते वारल्यावर दोघे भाऊ मिळून चालवत होते. थोरल्याने शटर अर्धं खाली ओढलं. धाकट्याने कुणाशी न बोलता फळीवरचं सगळ्यात मऊ पांढरं कापड खाली घेतलं, कापलं आणि मशीनवर बसला. आपलं काम टाकून थोरला त्याच्या शेजारी उभा राहिला. चिमुकला अंगरखा तयार होत आला तसा थोरल्याने तो हातात घेतला आणि इस्त्रीसाठी उलटा केला. शिवणींच्या आत बोट बोट कापड दुमडून ठेवलं होतं.

"अरे," तो हळूच म्हणाला, "एवढी माया कशाला सोडलीस शिवणीत? ही तर वाढत्या अंगाच्या पोरांना सोडतात."

"असू दे, दादा."

"पण आता..."

धाकट्याने अंगरखा त्याच्या हातातून घेतला आणि शेवटचा दोरा दाताने तोडला.

"आपले बाबा आहेत ना तिथे," तो म्हणाला. "घट्ट व्हायला लागलं की ते उसवून देतील."