वरचा मजला

चांगुणानं म्हावऱ्याची टोपली नव्या मंडईच्या तळमजल्यावर, थेट नगरपालिकेच्या मुख्याधिकाऱ्यांच्या दारात टेकवली. शेजारी सुकटवाली सकीना आणि रानभाजीवाली कातकरीण जानकी बसल्या.

“मावशी, हे ऑफिस आहे! तुम्हाला वरच्या मजल्यावर गाळे दिलेत ना?”

“गिऱ्हाईक वर चढत नाय, साहेब. माल नासतो. पोरांना काय घालू?”

“लिफ्ट आहे की!”

बायका हलल्या नाहीत. पंख्याबरोबर बोंबलांचा वास फायलींत शिरला, गिऱ्हाइकांची रांग साहेबांच्या टेबलापर्यंत आली. आठवडा सरायच्या आत हुकूम निघाला: बाजार खाली, ऑफिस वर.

साहेबांची खुर्ची बाहेर निघाली, तशी चांगुणा त्यांच्याच जागी पाट मांडून ऐसपैस बसली. कोयतीवर सुरमई धरत ती म्हणाली, “पायऱ्या कशाला चढता, साहेब? लिफ्ट आहे की!”